ज्वारीच्या दाण्याएवढे लाडू

धायरीच्या मथुराबाईंनी केलेला आंबा एका वरबापानं भर मांडवात चावला होता. ही हकीगत ऐकल्याशिवाय मथुराबाई काय चीज आहेत ते कळायचं नाही, म्हणून ती आधी.

लग्न खडकवासल्याकडचं. मुलीकडच्यांनी मथुराबाईंकडून रुखवत करून घेतलेलं. लांबलचक टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर लेकीच्या घरचं सगळं कौतुक मांडलेलं. त्यात फळांची एक करंडी होती. फळं साबणाची, पण रंग असा दिलेला की देठाजवळचा चिकही वाळलेला दिसावा. वरबाप मोठे मानी गृहस्थ. त्यांनी आंबा उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि कुणी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत दातांनी सोलायला घेतला. तोंडाला फेस आला. आता मानी माणूस चूक कबूल कशी करणार? ‘जरा आंबट आहे,’ असं म्हणून त्यांनी आंबा होता तसा खाली ठेवला. पुढं पंगत उठेपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत. बोलले की बुडबुडे यायचे.

मथुराबाई ही हकीगत स्वतः कधी सांगायच्या नाहीत. सांगायचे त्यांचे यजमान सोनबा, आणि दर वेळी बुडबुडे थोडे वाढवायचे. मथुराबाई शेजारी बसून ‘चला, कायतरीच’ म्हणायच्या, पण उठून जायच्या नाहीत.

बाईंच्या हातचं रुखवत म्हणजे टेबलावर उतरलेलं अख्खं गाव. खोबऱ्याच्या वाट्यांची विहीर, विहिरीवर सुपारीच्या डोक्याची पाणी ओढणारी बाई, खारकांची बैलजोडी, बडीशेपेचं शेत. सिंहगड रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्या पोरी सासरी गेल्या, त्यातल्या निम्म्या तरी मथुराबाईंच्या बैलजोडीला नमस्कार करून गेल्या असतील.

पुढं कार्यालयं मोठी झाली आणि रुखवत भाड्यानं मिळायला लागलं. तेच प्लॅस्टिकचं वृंदावन सकाळी नऱ्ह्याला आणि संध्याकाळी वडगावला. मथुराबाईंच्या हाताला काम उरलं नाही. घरची नात तनुजा, तिच्यावर फार भिस्त होती. पण तिनं एके दिवशी चहा पिता पिता जाहीर केलं, “आजी, मी लग्न करीन तेव्हा सही करून करीन. रुखवत वगैरे काही नको.”

“सही करून तर पार्सल घेत्यात,” मथुराबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

आत जाऊन त्या रडल्या वगैरे नाहीत. पण मनात एक गोष्ट राहून गेली. आपलं रुखवत अजून एकदा मांडलेलं बघायचं, आणि माणसं त्याच्यापुढं कमरेत वाकून, नाक लावून बघताहेत तेही बघायचं. बस, एवढंच.

आता घराशेजारच्या पत्र्याच्या शेडकडं येऊ. सोनबा मार्केट यार्डात कांदा न्यायचे तेव्हा ही शेड कांद्याची होती. मग शेती गेली, भोवती इमारती आल्या, आणि शेड एका ग्रिलवाल्याकडं गेली. ग्रिलवाला गेल्यावर तनुजानं तिथं आपल्या कामावरची माणसं आणली. माणसं दोनच. एक ऋषी, हा सिनेमाचा दिग्दर्शक. कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते चिमटा काढल्यासारखं. दुसरी शाइस्ता, कॅम्पातली मुलगी. ती बाहुल्या हलवायची. तनुजा बाहुल्यांचे कपडे शिवायची आणि उरलेली सगळी कामं करायची.

बाहुल्यांचा सिनेमा कसा करतात ते पहिल्या दिवशी मथुराबाईंनी दारात उभं राहून पाहिलं. वीतभर उंचीची बाहुली, पोटात तारेचा सांगाडा. टेबलाला भोकंच भोकं, त्यातून खालनं स्क्रू घालून बाहुलीचे पाय पक्के करायचे. मग शाइस्ता तिचा हात केसभर वर करायची आणि बाजूला व्हायची. फोटो निघायचा. परत केसभर हात, परत फोटो. हे सगळे फोटो भराभर एकामागून एक दाखवले की बाहुली आपली आपण हलते.

“आन ही काय करतीया?” मथुराबाईंनी विचारलं.

“नमस्कार करतेय, आजी,” शाइस्ता म्हणाली.

“कवा हुईल करून?”

“संध्याकाळपर्यंत होईल.”

“देव तवर थांबतुया व्हय?”

“देवाचाही फोटोच आहे, आजी,” ऋषी कॅमेऱ्यामागून म्हणाला. “त्याला घाई नाही.”

सिनेमा कशावर, तर ‘संगीत पैंजणहरण’ या जुन्या नाटकावर. हे नाव ऐकलं आणि सोनबांच्या मिशा फुलल्या. कारण हे नाटक गावच्या जत्रेत दर वर्षी व्हायचं आणि त्यातला खादाड भोपळेशास्त्री म्हणजे सोनबा. गोष्ट सोपी आहे. राजकन्या कांचनगौरीच्या पायातलं पैंजण चोरीला जातं आणि तिचं लग्न अडतं. चोरानं ते लपवलेलं असतं रुखवतातल्या लाडवांच्या राशीखाली. शेवटच्या अंकात भोपळेशास्त्री तिथं येतो, लांबलचक भाषण ठोकता ठोकता चोरून एकेक लाडू गिळतो, रास खाली जाते आणि पैंजण उघडं पडतं. खादाडी पुण्याला येते ती अशी.

मथुराबाई नवी नवरी होऊन आल्या त्या वर्षी जत्रेतल्या रुखवताचे लाडू त्यांनी वळले. नवऱ्याला बजावून सांगितलं, पुढचे चार खा, मागचे पाहुण्यांना ठेवायचेत. सोनबा रंगमंचावर गेले, समोर सगळा गाव, आणि लाडू बायकोच्या हातचे. रास भुईसपाट झाली. त्यानंतर गाणं होतं, पण तोंडातून सूर कसला निघतोय! पेटीवाला बिचारा तीच ओळ फिरवून फिरवून वाजवत राहिला. लोकांना ते इतकं आवडलं की त्यांनी वन्समोअर दिला. गाण्याला वन्समोअर मिळालेला सगळ्यांनीच ऐकलाय, खाण्याला मिळाला तो धायरीतच. मग वन्समोअर द्यायला आतून पाहुण्यांकरता वेगळं काढलेलं लाडवांचं ताट आलं आणि सोनबांनी तेही संपवलं. मथुराबाई आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि सोनबांच्या पोटानं त्यांनाही फारसं बोलू दिलं नाही.

तर अशा नाटकाचा सिनेमा आपल्याच शेडमध्ये होतोय म्हटल्यावर मथुराबाईंनी तनुजाला गाठलं. “लगीन हाय न्हवं शेवटाला? मग रुखवत कोण करणार?”

तनुजानं ऋषीला विचारलं. तो म्हणाला, “करा की. मागं असेल कोपऱ्यात. मात्र सगळं मातीचं करायचं, रंगवून. दिव्यांच्या उष्णतेत खरं काही टिकत नाही.”

“आन लाडू खायाचं?”

“ते कापलंय. बाहुल्यांना तोंड उघडता येतं आजी, गिळता येत नाही. शाइस्तानं महिनाभर डोकं फोडलंय. शास्त्री नुसता बोलेल आणि पैंजण पाटाखाली सापडेल.”

“पाटाखाली?” ओट्यावर बसलेले सोनबा ओरडले. “पाटाखाली काय सापडतंय? झुरळ!”

पण ऋषीनं काही ऐकलं नाही. दिग्दर्शक तो होता.

मथुराबाई चष्मा पुसून बसल्या. वीतभर नवरीचं रुखवत, त्यामुळं सगळंच इवलं. करंज्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, चकल्यांना काटे टाचणीनं काढलेले. विहिरीसाठी खोबऱ्याची वाटी चालेना, तिथं रिठ्याचं टरफल आलं. सुपारीच्या जागी गुंजेच्या डोक्याची बाई पाणी ओढू लागली. बैल जिऱ्याचे झाले. शाइस्ता सुट्टीत येऊन शेजारी बसायची आणि जिऱ्याच्या बैलाला शिंगं लावायची. “आजी, मेरी आँखें गई,” म्हणायची आणि तरी दुसरा बैल घ्यायची.

सगळं मातीचं आणि बियांचं झालं. राहिले लाडू. मथुराबाईंनी माती हातात घेतली, एक लाडू वळला आणि तो त्यांना बघवेना. लेकीच्या पाठवणीला मातीचा लाडू? मग ती राजाची लेक का असेना आणि तारेची का असेना, तिच्या पुढ्यात खोटं गोड ठेवायचं? आजवर त्यांनी साबणाचा आंबा केला, मेणाची द्राक्षं केली, पण लाडू प्रत्येक रुखवतात खराच होता. त्यांनी दार लोटून घेतलं, मूठभर बेसन तुपात भाजलं, पिठीसाखर घातली आणि ज्वारीच्या दाण्याएवढे लाडू वळले. त्यांचा छान ढीग रचला. आणि ढिगाच्या तळाशी तनुजानं केलेलं तारेचं पैंजण हळूच सरकवून ठेवलं. नाटकात जिथं असतं तिथंच ते असावं. दिसणार नाहीये ना, मग बिघडलं कुठं?

कुणाला काही बोलल्या नाहीत. कळलं फक्त सोनबांना, कारण बेसनाचा वास. पण सोनबांना साखरेचा आजार, गोड बंद. ते दारातून नुसतं नाक आत घालून गेले.

शूटिंगचा दिवस आला. भोपळेशास्त्र्याची बाहुली रुखवताशेजारी उभी राहिली, पायात स्क्रू बसले. शास्त्र्यानं भाषण करता करता मधेच लाडवांकडं चोरून बघायचं, परत मान वळवायची, असं शाइस्ताला करायचं होतं. सकाळभर ती त्याच्या भुवयांशी खेळत बसली. मथुराबाई दारात बसून आपलं रुखवत डोळे भरून बघत होत्या. दिव्यांच्या उजेडात जिऱ्याचे बैल काय झळकत होते!

जेवणाच्या सुमाराला ऋषी कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी गेला आणि तिथंच थांबला.

“सेटला कुणी हात लावला?”

शाइस्ता आणि तनुजानं नाही म्हणून माना हलवल्या.

“लाडवांची रास अर्धी झालीय. आणि हे खाली काय चमकतंय? पैंजण? ते पाटाखाली होतं ना?” त्यानं मोठा श्वास सोडला. “मातीचे लाडू खाण्याइतकी भूक कुणाला लागली असेल तर मला सांगा, मी मिसळ मागवतो. सकाळचं सगळं काम फुकट. हे रुखवत काढून टाकू या. मागं पडदा लावतो. कमीत कमी पडदा कुणी खाणार नाही.”

लाडू मातीचे नाहीत हे माणसांत दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या एक मथुराबाई स्वतः. त्या उठल्या आणि तडक घरात गेल्या. सोनबा भाकरी मोडत होते.

“लाज हाय का?”

“काय झालं?”

“पुन्यांदा खाल्लंसा? येका जल्मात दोन डाव?”

“काय खाल्लं?”

“लाडू! तोंड उघडा.”

सोनबांनी तोंड उघडलं. आत ज्वारीची भाकरी आणि मेथी.

“अगं मथुरे, ज्वारीएवढा लाडू खाऊन मला काय चढणार हाय? खायाचा आसता तर परातभर खाल्ला आसता आन दवाखान्यात गेलो आसतो, मर्दासारखा!”

“जत्रेत बी आसंच म्हनला हुतासा.”

“जत्रेत म्या खाल्ला व्हता. सगळ्या गावानं बघितलं. आता कुनी बघितलं? सांग की!”

त्यांचा चेहरा असा खरा दुखावलेला होता की मथुराबाई जरा थबकल्या. पण जत्रेतही तो चेहरा असाच असायचा, म्हणून तर त्यांना ते काम मिळालं होतं. काय खरं धरावं ते कळेना. एक मात्र कळलं. चोर कुणी का असेना, खरं सांगितलं नाही तर रुखवत जाणारच. सांगितलं तरी बहुतेक जाईलच, पण ते खोटं घेऊन जायला नको.

त्या शेडमध्ये परतल्या. सोनबाही जेवण टाकून पाठोपाठ आले, आरोपीला हजर राहायला पाहिजे म्हणून.

“लेकरा,” त्या ऋषीला म्हणाल्या, “लाडू खऱ्या बेसनाचं हायत. मी केल्याती. मातीचा लाडू द्यायला हात धजंना.”

ऋषी त्यांच्याकडं बघत राहिला. मग सोनबांकडं.

“माझ्याकडं नगा बघू,” सोनबा म्हणाले. “माझी साखर तपासा.”

एवढ्यात शाइस्ता पडद्यापाशी ओरडली, “या खुदा! इकडे या सगळे!”

रास कुठून ढासळली ते शोधायला तिनं सकाळपासूनचे फोटो एकामागून एक लावले होते. सगळे वाकले. पडद्यावर भोपळेशास्त्री मान वळवून भाषण करत होता. त्यानं तोंड फिरवलं आणि ढिगामागचा एक लाडू गेला. त्यानं परत पाहिलं, भुवया वर चढल्या. जणू म्हणत होता, हे काय झालं? परत मान वळली, परत एक लाडू गायब. मग एका लाडवाला जणू पाय फुटले. तो शास्त्र्याच्या पाठीमागून निघाला, जिऱ्याच्या बैलांना वळसा घातला आणि टेबलाच्या भोकात उतरला. लाडवाखाली काळे बारीक पाय दिसत होते.

“मुंगळं!” मथुराबाई म्हणाल्या.

स्क्रूच्या रिकाम्या भोकातून मुंगळे वर यायचे आणि ढिगामागून एकेक लाडू घेऊन खाली जायचे. शाइस्ता पुढं भुवया हलवत होती, मागं त्यांची पंगत उठत होती. आणि खाली रास उतरत उतरत पैंजण हळूच डोकावत होतं.

मग शाइस्ता फस्सकन हसली, तनुजा खुर्चीवरून घसरली, आणि सोनबांनी दोन्ही हात वर करून शेडला प्रदक्षिणा घातली. “सुटलो! सुटलो! निर्दोष सुटलो!”

ऋषी मात्र फोटो पुन्हा पहिल्यापासून लावत होता. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग तो वळला, आणि त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच सरळ हसू होतं.

“आजी, बाहुल्यांना गिळता येत नाही म्हणून मी अंक कापला. पण यानं गिळायची गरजच नाही. यानं नुसतं नाही म्हणायचं. लाडू आपले आपण जातात आणि सगळे याच्याकडं बोट दाखवतात. पैंजणही सापडतं, जिथं सापडायला हवं तिथंच.” तो जरा थांबला. “उरलेले लाडू आहेत ना? आणि ते मुंगळे परत येतील का?”

आयुष्यभर हळदीच्या रेघा मारून मथुराबाईंनी मुंग्या-मुंगळे घराबाहेर ठेवले होते. आता त्या गुडघ्यांवर बसून टेबलाखालच्या भोकापाशी गुळाचा खडा ठेवत होत्या आणि “या रं बाबांनो, या” म्हणत होत्या. सोनबा मागून सांगत होते, “त्यास्नी म्हनावं, वन्समोअर हाय.”

पण बोलावून येतील ते मुंगळे कसले! दोन आले, गूळ चाटून गेले, लाडवांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मग शाइस्तानं मुंगळ्यांची चाल चार वेळा नीट पाहिली आणि उरलेले लाडू स्वतः चिमट्यानं चालवले, केसभर, केसभर. भोपळेशास्त्र्याच्या चेहऱ्यासाठी सोनबांना समोर खुर्चीवर बसवलं. “आजोबा, तुम्ही खाल्लेले नाहीत, पण सगळ्यांना वाटतंय तुम्हीच खाल्लेत, असा चेहरा करा.”

“करतुया कशाला? आज दुपारधरनं त्योच हाय,” सोनबा म्हणाले.

सिनेमा पुरा झाला आणि एरंडवण्यातल्या एका छोट्या थिएटरात दाखवला गेला. मथुराबाई इरकल नेसून मधल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी पटका बांधलेले सोनबा. शेवटचा अंक लागला तेव्हा त्यांनी पदर मुठीत धरला. पहिला लाडू गेला, थिएटर चुपचाप. दुसरा गेला, मागं कुणीतरी खुदकन हसलं. लाडू बैलांना वळसा घालून चालू लागला आणि सगळं थिएटर कोसळलं. एक लहान पोरगी खुर्चीवर उभी राहून ओरडली, “अहो शास्त्रीबुवा, मागे बघा, मागे!” आणि पैंजण उघडं पडलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या थांबेनात.

पण मथुराबाईंचं खरं सुख पुढंच होतं. बाहेरच्या दालनात तनुजानं काचेच्या पेटीत रुखवत मांडलं होतं, लाडवांची नवी रास सुद्धा. लोक बाहेर आले आणि पेटीपुढं वाकले. कमरेत वाकून, काचेला नाक लावून. एका बाईंनी चष्मा काढून पर्समधला दुसरा लावला. “अगं, बैलाला वेसण पण आहे!” त्या ओरडल्या. मथुराबाई मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. पुढं जाऊन ‘हे मी केलं’ म्हणावं असं त्यांना वाटलं नाही. नुसतं बघत राहिल्या, त्या वाकलेल्या पाठींकडं.

तनुजा शेजारी येऊन उभी राहिली. “आजी, एक विचारू? सही करायच्या टेबलावर मावेल एवढं रुखवत होतं का गं?”

“टेबल केवढं हाय?” मथुराबाईंनी लगेच विचारलं.

सोनबा मात्र फुगून बसले होते. सिनेमाच्या शेवटी नावांची पाटी आली होती, तिच्यात रुखवत मथुराबाईंच्या नावावर होतं आणि ‘लाडू चालवले’ याच्यापुढं शाइस्ता आणि तिच्याखाली ‘मुंगळे, धायरी’.

“मुंगळ्यांचं नाव हाय,” ते म्हणाले. “माझं न्हाई. सगळा चेहरा माझा, आन नाव मुंगळ्याचं.”

“मुंगळ्यांनी खाल्लं म्हनून हाय. तुमी यंदा खाल्लं न्हाई.”

“मग यंदा खायाला पायजे व्हतं म्या.”

मथुराबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. मग कमरेची कुंकवाची डबी काढली आणि टोपण उघडलं. आत कागदाच्या घडीत एकच लाडू होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.

“घ्या. यवढ्यानं साखर न्हाई चढत.”

सोनबांनी तो दोन बोटांत धरला, उजेडाकडं करून पाहिला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटून घेतले. बराच वेळ त्यांचं तोंड हललं नाही.

“कसा झालाय?”

“थांब की,” सोनबा म्हणाले, “अजून खातुया.”